योगाची सुरुवात आणि सोसण्याची सवय

दरवर्षी २१ जून जवळ आला की आमच्या अंबाजोगाईतल्या सकाळच्या योगवर्गात नव्या माणसांची भर पडते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी, १७७ देशांच्या पाठिंब्याने, हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून ठरवला आणि २०१५ पासून तो पाळला जाऊ लागला. त्या दिवशी शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात, आणि तिथे आलेल्यांपैकी काही जण पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येतात. मराठवाड्यात हे दिवस पेरणीचे. मृगाचा पाऊस वेळेवर झाला असेल तर सोयाबीन आणि तुरीच्या पेरण्या चालू असतात; लांबला असेल तर सगळ्यांचे डोळे आर्द्राकडे लागलेले असतात. अशा ओढाताणीत जो माणूस पहाटे उठून योग शिकायला येतो, तो सहज म्हणून आलेला नसतो. म्हणूनच त्याने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाकडे मी नीट लक्ष देते. तो प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: किती दिवसांत फरक पडेल?

ज्याची कंबर धरलेली आहे, ज्याला रात्री झोप लागत नाही किंवा ज्याच्या साखरेचे आकडे डॉक्टरांना पसंत नाहीत, त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. मी स्वतः मानदुखीमुळेच योगाकडे वळले. फळ्यावर लिहिणे आणि वह्यांचे गठ्ठे तपासणे यांतच नोकरीची वर्षे गेलेल्या शिक्षकांना हे दुखणे नवे नाही. परंतु इतकी वर्षे वर्गात बसून आणि पुढे वर्ग घेण्यास मदत करून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की आपल्या भागातल्या माणसाला योग शिकताना शरीराची ताठरता फारशी आडवी येत नाही. आडवी येते ती सोसण्याची सवय.

ही सवय आपण फार किंमत देऊन कमावलेली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सगळ्यांना आठवत असेल. दुष्काळ, नापिकी, उन्हाळा, लांबून वाहिलेले पाणी, उसतोडीसाठी सहा-सहा महिने घर सोडून जाणे, या सगळ्यांतून तगून राहिलेल्या प्रदेशात कष्टाला आणि सहनशक्तीला मान मिळणे स्वाभाविकच आहे. ‘अंग चोरू नको’ ही आपल्या घरातली पहिली शिकवण असते. दुखले तरी बोलू नये, थकले तरी बसू नये, हे आपल्या आयांनी आणि आज्यांनी आयुष्यभर करून दाखवले. हा गुण मोठा आहे, आणि त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र तोच गुण घेऊन माणूस सतरंजीवर येतो, दात दाबून पाय ओढतो, श्वास कोंडून धरतो, आणि दुखले म्हणजे फायदा होत असणार असे समजून आणखी जोर लावतो. अशा माणसाने आसनालाही कष्टाचे आणखी एक काम करून टाकलेले असते.

आमच्या वर्गात जवळच्या एका गावाहून एक मावशी येत असत. वय पन्नाशीच्या पुढचे, घरची कोरडवाहू शेती, शिवाय दुसऱ्यांच्या वावरात खुरपणी आणि कापसाची वेचणी. शहरातल्या तिशीच्या मुलींना जे जमता जमत नाही, ते टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसणे त्यांना सहज येत होते. पाठ सरळ, गुडघे मोकळे. पहिल्या दिवशी पुढे वाकायला सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बाई, आमचं सगळं आयुष्यच वाकण्यात गेलं, आता अजून वाकायचं व्हय?’’ आणि कोणाच्याही आधी त्यांचे तळवे जमिनीला लागले. अडचण आली ती शवासनात. शवासनात करण्यासारखे काहीच नसते, आणि मावशींना तेच करता येईना. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण कपाळावर आठी होती, जबडा घट्ट होता, आणि दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या होत्या. अंगठेसुद्धा बोटांच्या आत. मी शेजारी बसून हळूच म्हटले, ‘‘मावशी, मुठी सोडा.’’ त्यांनी सोडल्या. दोन श्वास झाले नाहीत तोच बोटे पुन्हा आत वळली. मी परत सांगितले तेव्हा डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, ‘‘हातात काहीतरी धरल्याबिगर जमतच नाही, बाई.’’

त्या वाक्यानंतर मी नव्या माणसांना शिकवण्याचा क्रमच बदलला. तोपर्यंत शवासन हे शेवटचे, वेळ उरला तर करण्याचे असे होते. आता आम्ही नवख्यांना पहिल्या दिवशी पहिल्यांदा तेच देतो. पाठीवर झोपायचे, पाय थोडे दूर, तळवे वर, आणि फक्त पाहायचे की अंगात कुठे कुठे जोर लागून राहिला आहे. खांदे कानांकडे चढलेले असतात. जीभ टाळूला चिकटलेली असते. पोट आत ओढलेले असते, विशेषतः बायकांचे. हे सगळे आपण दिवसभर धरून चालतो, आणि त्याची आपल्याला खबरही नसते. मावशींना उच्छ्वास लांब करण्याचा उपाय लागू पडला. श्वास आत घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा थोडा अधिक वेळ बाहेर सोडताना घ्यायचा, ओढून-ताणून नव्हे, गरम चहावर फुंकर घालावी इतक्या हलकेपणाने. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती किंचित मंदावते आणि शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचे काम वाढते, हे आता शरीरशास्त्रानेही सांगितलेले आहे. मावशींच्या मुठी एका दिवसात सुटल्या नाहीत. पण सुटल्या.

पतंजलींच्या योगसूत्रांत, ज्यांची संख्या पाठभेदानुसार १९५ किंवा १९६ धरतात, आसनासाठी फक्त तीन सूत्रे आहेत. पहिले सर्वांच्या ओळखीचे, ‘स्थिरसुखमासनम्’. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे. दुसरे सूत्र कमी सांगितले जाते, आणि आपल्यासाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे: प्रयत्न सैल करण्याने आणि अनंतावर चित्त ठेवण्याने आसन साधते. तिसऱ्यात त्याचे फळ दिले आहे, की मग शीत-उष्ण, सुख-दुःख यांसारखी द्वंद्वे माणसाला बाधत नाहीत. कुठला स्नायू किती ताणावा, डोके गुडघ्याला लागले पाहिजे की नाही, याविषयी इथे एक अक्षर नाही. मी हे सांगते तेव्हा काही जणांना वाटते की मी आळसाला मोकळीक देते आहे. तसे नाही. प्रयत्न सैल करायचा तर आधी तो करावा लागतो. आसनात उतरेपर्यंत मेहनत आहेच, उतरल्यावर लागलेला फाजील जोर काढून घ्यायचा आहे. ताडासनात उभे राहताना पायांना काम आहे, भुवयांना नाही.

यामागे शरीराचे साधे कारणही आहे. स्नायू झटक्याने किंवा जोराने ताणला की त्याच्या आतली संवेदनाकेंद्रे धोक्याची सूचना देतात आणि स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी उलट आखडतो. तोच ताण सावकाश दिला आणि श्वास चालू ठेवून थोडा वेळ तिथेच थांबले, तर तो हळूहळू सैल पडतो. म्हणजे पश्चिमोत्तानासनात, पाय समोर पसरून बसून पुढे वाकताना, जो माणूस हिसके देऊन पायाचे अंगठे पकडायला धावतो, तो आपल्याच मांडीच्या मागच्या स्नायूंशी भांडत असतो. आपण मर्यादेच्या आत आहोत की बाहेर, हे ओळखण्याची खूण प्रत्येकाजवळ असते. श्वास अडकला, तोंड वेडेवाकडे झाले, मन ‘कधी सुटतो’ म्हणून मोजू लागले, की थोडे मागे यावे. ताण जाणवणे वेगळे आणि सांध्यात कळ येणे वेगळे. गुडघ्यात किंवा मणक्यात कळ आली तर तत्काळ थांबावे, आणि यात सोसण्याचा जराही मोठेपणा मानू नये.

आमच्याच मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावायला येतात. त्यांच्यापैकी काही जण धावणे झाल्यावर वर्गात येऊन बसतात, आणि सूर्यनमस्कार म्हटले की त्यांच्या डोळ्यांत चमक येते, कारण तिथे मोजता येते. एकाने घड्याळ लावून, दुसऱ्याने त्याच्यावर मात करून, असे त्यांचे चालते. या मुलांविषयी मला फार आपुलकी वाटते. घरची परिस्थिती काय आहे आणि त्या एका नोकरीवर किती माणसांचे डोळे आहेत, हे मला माहीत असते. नमस्कार हा व्यायाम म्हणून जोमाने घालणे यात काही गैर नाही. समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्यांच्या परंपरेत नमस्कार आणि बलोपासना यांना मानाचे स्थान आहे, आणि विसाव्या शतकात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी पोहोचवण्यासाठी आयुष्य वेचले. मी त्या मुलांना एवढेच सांगते की शंभर घालायचे तर घाला, पण त्यानंतरचे दोन अगदी सावकाश घाला, प्रत्येक स्थितीत श्वास कुठे आहे ते पाहत. पहिल्या शंभरांनी दम वाढेल. मन कुठे पळते ते मात्र त्या दोनांत दिसेल.

‘आमचा व्यायाम शेतातच होतो’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते, आणि ते निम्मे खरे आहे. शेतात राबणाऱ्या माणसाची ताकद आणि दम वर्गातल्या कोणापेक्षाही जास्त असतो. परंतु काम शरीराला एकाच दिशेने वापरते. वेचणी आणि खुरपणीत पाठ तासन्‌तास पुढे वाकलेली असते, पाठीवरच्या औषधफवारणीच्या पंपाने खांदे पुढे ओढले जातात, आणि ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची कंबर धक्के खाते. या माणसाला आणखी श्रमांची गरज नसून उलट दिशेच्या हालचालीची गरज असते: पोटावर झोपून छाती थोडीशीच उचलणारे भुजंगासन, भिंतीला पाय टेकवून पाठीवर पडणे, मार्जारासनातली पाठीची सावकाश वर-खाली. कामावरून आल्यावर हे दहा मिनिटे केले तरी पुरते. तेव्हा घाम येत नाही म्हणून ‘काही झालेच नाही’ असे वाटते, तो समज आधी सोडावा लागतो.

बैठ्या कामाच्या माणसांची वृत्ती वेगळी. त्यांना तुलना छळते. शेजारचीचे डोके गुडघ्याला लागले, माझे का नाही. महिना झाला, वजन तेवढेच. मोबाईलवरची ती मुलगी पाय मानेमागे घेते. योगाच्या आठ अंगांत आसन तिसऱ्या स्थानी आहे. त्याआधी यम आणि नियम, म्हणजे इतरांशी आणि स्वतःशी कसे वागावे याची पथ्ये आहेत, आणि यमांमध्ये पहिली अहिंसा. अहिंसेचा आरंभ आपल्या स्वतःच्या गुडघ्यापासून करावा, असे मी वर्गात सांगते, आणि नियमांतला संतोष म्हणजे आज जिथपर्यंत हात पोहोचला तिथे तो राजीखुशीने ठेवणे. ज्यांचे सांधे जन्मतः सैल असतात त्यांना अवघड दिसणारी आसने लवकर येतात, आणि त्यात त्यांचे फारसे कर्तृत्व नसते. उलट अशा माणसांना दुखापत लवकर होते, म्हणून त्यांना मी जास्त जपते.

सुमारे पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत: अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड, नियमांचा हट्ट, माणसांचा अतिसंग आणि चंचलपणा. हठयोगाच्या ग्रंथाने अतिश्रमाला आणि नियमांच्या हट्टाला नाशाच्या कारणांत बसवावे, हे वाचून पुष्कळ जण चकित होतात. आमच्या वर्गातल्या बायकांना नियमांचा हट्ट हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, असे उपवास धरणाऱ्या आणि त्याच पोटी पहाटे वर्गाला येऊन पुढे घरचा स्वयंपाक व नोकरी सांभाळणाऱ्या बायका मी रोज पाहते. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. कडक उपवासाच्या दिवशी जोराची आसने करू नका, बसून श्वास पाहा, एवढी विनंती मात्र करते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही हेच आहे: फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अगदी न खाणाऱ्यालाही नाही. त्या अध्यायावर ज्ञानेश्वरांनी जे विस्ताराने लिहिले, ते गोदाकाठच्या आपेगावात मूळ असलेल्या माणसाचे बोल म्हणून मराठवाड्यातल्या साधकाने आवर्जून वाचावेत, असे मला वाटते.

वेरूळला जाणे झाले तर एक गोष्ट मुद्दाम पाहावी. कैलास लेणे पाहून बहुतेक जण परत फिरतात. जे पुढे जातात त्यांना बारा क्रमांकाच्या तीन मजली लेण्यात ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती दिसतात, आणि शेवटच्या जैन लेण्यांमध्ये अंगावर वेली चढलेला बाहुबली उभा दिसतो. या मूर्तींचे खांदे पाहावेत, ओठांच्या कडा पाहाव्यात. इतकी अचलता, आणि कुठे जोर लावल्याची खूण नाही. सहलीला नेलेल्या विद्यार्थ्यांना मी तिथे पाच मिनिटे गप्प बसायला लावते. मुले आपोआप पाठ सरळ करतात.

प्राणायामाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण घाई सर्वांत जास्त तिथे होते आणि नुकसानही तिथेच होते. दूरचित्रवाणीवर पाहून पहिल्याच दिवसापासून जोरजोरात कपालभाती, म्हणजे पोटाच्या झटक्यांनी श्वास बाहेर टाकण्याची क्रिया, करणारी पुष्कळ माणसे आहेत. सूत्रांमध्ये प्राणायाम आसनानंतर येतो, आणि ‘आसन साधल्यावर’ असे स्पष्ट म्हटले आहे. पाऊस पडल्यापडल्या कोणी वावरात तिफण घालत नाही, वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमिनीतली ओल पेरणीजोगी होईपर्यंत, थांबतो. तसे बसणे स्थिर आणि सुखाचे होईपर्यंत श्वासाशी खेळ करू नये. आरंभी काही महिने नैसर्गिक श्वास पाहणे आणि नंतर कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता, अनुलोम-विलोम (एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणे), एवढे पुरेसे आहे. रक्तदाब वाढलेला असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणे-सोडणे) आणि श्वास रोखणे टाळावे. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने करू नयेत. हर्निया, पोटाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी किती वेळ व्यायाम चालेल तेही त्यांनाच विचारावे. योग सुरू केला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा तर धोकाच आहे.

बाकीची तयारी थोडी आहे. जेवणानंतर तीन-चार तासांचे अंतर, सैल कपडे, घरातली जाड सतरंजी किंवा घडी केलेली गोधडी. महागड्या मॅटवाचून काही अडत नाही. वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसताना, घोटे दुखत असतील तर खाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत उजाडण्याच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात बसावे, ऊन चढल्यावर करू नये, आणि त्या दिवसांत शीतली प्राणायाम, म्हणजे जिभेची पन्हळ करून तोंडाने श्वास आत घेणे, बरा वाटतो. सुनांना आणि लहान लेकरांच्या आयांना सकाळ मिळतच नाही. त्यांनी दुपारी चारच्या चहाआधी करावे. पहाटेचीच वेळ पाहिजे, या आग्रहापायी कितीतरी बायकांचा योग सुरूच होत नाही.

खंड पडतो, तो प्रत्येकाचा पडतो. अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केला की पक्का होतो, असे पतंजली सांगतात. आणि त्याच ग्रंथात आजारपण, मरगळ, संशय, हयगय, आळस अशा नऊ अंतरायांची यादीही देतात. म्हणजे अडथळे येणार हे त्यांनी धरलेलेच आहे. आमच्या वर्गाची हजेरी खुरपणीत निम्मी होते, पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना घरोघरी पाहुणे असतात, सोयाबीन काढणीत तर शेतकरी घरांतले कोणीच येत नाही. परत येताना माणसे ओशाळलेली असतात आणि ती भरपाई म्हणून पहिल्याच दिवशी दुप्पट करू पाहतात. तेव्हा पोटरीत गोळा येतो, पाठ भरून येते आणि माणूस आणखी पंधरा दिवस घरी बसतो. म्हणून राशी उरकून दसरा-दिवाळीच्या सुमारास जे परत येतात, त्यांना आम्ही कारण विचारत नाही. पहिल्या दिवशी त्यांना शवासन, ताडासन, मार्जारासन आणि पुन्हा शवासन एवढेच देतो, आणि बाकीचे पुढच्या आठवड्यात, ज्याच्या त्याच्या श्वासाकडे पाहून.